लाँग-ईझी, रोल, लूप आणि ५८ किलोचा पायलट

टेक्ससमध्ये राहणाऱ्या एका मूळ पुणेकर वाचकाचा प्रश्न आहे. त्यांनी नुकतंच एक जुनं लाँग-ईझी विकत घेतलंय, म्हणजे नाकाजवळ कॅनार्ड नावाचा छोटा पंख असलेलं दोन आसनी, घरी बांधायचं विमान. कुणीतरी गॅरेजमध्ये बांधलेलं, आणि मधल्या मालकाने मूळ इंजिन काढून लायकमिंगचं १६० अश्वशक्तीचं ओ-३२० बसवलेलं. ते लिहितात: "कॅनार्ड विमान स्टॉल होत नाही (म्हणजे त्याच्या पंखाची उचल अचानक कोसळत नाही) असं सगळे सांगतात. आपल्या सुखोईलाही पुढे छोटे पंख आहेत आणि तो वाट्टेल तशा कोलांट्या मारतो. लाँग-ईझीचे रोल आणि लूपही व्हिडिओत पाहिले. मग मी शिकायला काय हरकत आहे? शिवाय वेग अजून वीसेक नॉट वाढवायचा तर काय करू? माझं वजन ५८ किलो, त्यामुळे एवढ्याशा कॉकपिटमध्ये मी अगदी आरामात मावतो."

शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला सगळ्यात आधी त्याबद्दलच बोलायचंय. रोल (कुशीवर पूर्ण गिरकी), लूप (उभं वर्तुळ), वेग सगळं नंतर. हे विमान तुमच्या नावावर झाल्यापासून तराजूवर चढलंय का? तीन चाकांखाली तीन काटे ठेवून, टाकी रिकामी असताना? की मागच्या मालकाने दिलेल्या कागदावरचे आकडे तुम्ही तसेच धरून चाललाय?

का विचारतो ते सांगतो. लाँग-ईझीत इंजिन अगदी मागे आणि पायलट बराच पुढे. गुरुत्वमध्य या दोघांच्या मध्ये कुठेतरी. मागच्या सीटवरचा माणूस आणि पंखांच्या मुळाशी असलेलं इंधन हे दोन्ही त्या मध्याजवळ, त्यामुळे ते असले-नसले तरी तोल फारसा हलत नाही. पुढच्या सीटवरचं वजन मात्र सी-सॉच्या टोकावर बसलेल्या पोरासारखं. ते कमी झालं की गुरुत्वमध्य मागे सरकतो. म्हणून या विमानाला पुढच्या सीटसाठी किमान वजनाची मर्यादा असते, आणि ती प्रत्येक विमानाची वेगळी, कारण प्रत्येकाने आपापलं विमान आपल्या हाताने बांधलेलं. मूळ रचना ओ-२३५ साठी होती, साधारण ११५ अश्वशक्तीचं. तुमच्याकडे त्याहून मोठं इंजिन आहे. म्हणजे शेपटाकडे वजन वाढलंय आणि नाकाकडचा माणूस ५८ किलोचा. मधला मालक ९० किलोचा असेल तर त्याच्यासाठी हे विमान उत्तम तोललेलं असू शकतं आणि तुमच्यासाठी धोकादायक. बाहेरून काहीही कळणार नाही. हँगरमध्ये नाक खाली टेकवून उभं केलेलं लाँग-ईझी दोघांसाठी सारखंच गोंडस दिसतं.

आता "स्टॉल होत नाही" या वाक्याकडे येऊ. ते खरं आहे, पण त्याला एक अट चिकटलेली आहे आणि लोक ती अट गाळून वाक्य सांगतात.

या विमानांचा रचनाकार बर्ट रुटान. त्याने व्हॅरी-ईझी १९७५ मध्ये उडवलं आणि लाँग-ईझी १९७९ मध्ये. दोन्हींत युक्ती एकच: पुढचा छोटा पंख, म्हणजे कॅनार्ड, मुख्य पंखाच्या आधी स्टॉल झाला पाहिजे. त्याच्यावर चौरस फुटामागे भार जास्त, आणि हवेशी त्याचा कोनही असा की मर्यादा आधी तोच गाठतो. तुम्ही स्टिक पोटापर्यंत ओढली की पंचावन्न-साठ नॉटच्या आसपास कॅनार्डची उचल संपते, नाक दोन-चार अंश खाली येतं, वेग जरासा वाढतो, कॅनार्ड पुन्हा उचलायला लागतो, नाक वर, पुन्हा खाली. डुलकी लागलेल्या माणसाची मान जशी होते तसं. या सगळ्या वेळात मुख्य पंख शाबूत असतो, एलेरॉन (विमान कुशीवर वळवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) ऐकतात, विमान एका बाजूला पडत नाही. साध्या विमानात लँडिंगच्या वळणात स्टॉल होऊन स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली, गेलेली किती माणसं मेली हे पाहिलं तर ही फार मोठी गोष्ट आहे. मला या विमानाने पहिल्यांदा जिंकलं ते इथेच.

पण ही सगळी करामत गुरुत्वमध्य जागेवर असेपर्यंतची. तो मागे गेला की कॅनार्डला उचलायला फारसं उरत नाही, त्यामुळे तो स्टॉल व्हायचंच टाळतो आणि नाक वर वर जात राहतं. मग मुख्य पंख आधी कोलमडतो. त्यानंतरची अवस्था म्हणजे डीप स्टॉल: नाक जवळजवळ सपाट, पुढचा वेग नगण्य, विमान लिफ्टसारखं सरळ खाली, आणि स्टिक पुढे ढकलली तरी काही होत नाही. ही पुस्तकी भीती नाही. व्हेलॉसिटी या चार आसनी कॅनार्ड विमानाच्या सुरुवातीच्या काळात असे प्रकार घडले आणि पंखात बदल करावे लागले. नॅट पफरच्या कोझी मार्क-४ या कॅनार्ड विमानात चाचण्यांनंतर कॅनार्ड दोन्ही टोकांना थोडा कापून लहान केला गेला, तो याच कारणासाठी. कापल्याने कॅनार्डवरचा भार वाढतो आणि तो आधी हार मानतो. आपल्याला तेच हवं असतं.

तेव्हा आधी तोलणं. मर्यादेबाहेर असाल तर नाकात शिसं, नीट बोल्टने आवळलेलं. सीटखाली सरकवलेली वाळूची पिशवी नाही.

आता सुखोई. तुलना आपल्याकडे सगळेच करतात, विशेषतः नाशिककर, कारण सुखोई-३० एमकेआय ओझरच्या एचएएलमध्येच जोडली गेली. माझं बालपण ओझरच्या आवाजातच गेलं, तेव्हा मला हा मोह समजतो. पण सुखोईचा पुढचा पंख आणि तुमचा पुढचा पंख यांत दिसण्यापलीकडे काहीही समान नाही. सुखोईला मागची शेपूटही आहे, वर इंजिनांची नळकांडी वळतात, आणि हे सगळं संगणक सांभाळतो. विमान मुळातच अस्थिर ठेवलंय आणि संगणक त्याला सेकंदाला असंख्य वेळा सावरत असतो. तिथला कॅनार्ड पंख स्टॉल झाल्यानंतरही विमान वळवायला मदत करतो. तुमचा कॅनार्ड विमानाला स्टॉलपर्यंत पोहोचूच देत नाही. एक दार उघडण्यासाठी, दुसरा दार बंद ठेवण्यासाठी. रुटानने पहिल्या विमानाला व्हॅरी-व्हिगन नाव दिलं ते स्वीडनच्या साबच्या व्हिगन लढाऊ विमानावरून, त्यामुळे हा घोटाळा नावापासूनच सुरू होतो म्हणा.

(भारतात लाँग-ईझीचा एक खरा धागा मात्र आहे. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने १९८० च्या दशकात याच रचनेवर आधारित एक हलकं कॅनार्ड संशोधन विमान बांधलं आणि ते १९८७ मध्ये उडालं. काचतंतू आणि इपॉक्सीचं विमान घडवायचा हात तिथे बसला. नंतर त्याच संस्थेचं हंसा आलं.)

बरं, कसरती. काय होऊच शकत नाही ते आधी सांगून टाकतो. स्नॅप रोल आणि स्पिन या दोन्हीला एक पंख स्टॉल करावा लागतो. हे विमान नेमकं तेच करायला नकार देतं. स्टॉल टर्न, म्हणजे सरळ वर जाऊन वेग संपता संपता रडरने नाक फिरवून खाली येणं, तेही नाही. साध्या विमानात पुढच्या प्रोपेलरचा वारा शेपटीच्या रडरवर सतत येत असतो, म्हणून वेग शून्याला आला तरी रडर काम करतो. आपला प्रोपेलर सगळ्यात मागे आणि रडर पंखांच्या टोकांवरच्या विंगलेटमध्ये. वेग गेला की रडर म्हणजे नुसती पाटी. उभ्या अवस्थेत वेग संपला तर विमान शेपटाच्या दिशेने मागे घसरेल, कंट्रोल उलट्या वाऱ्यात सापडतील, आणि पुढे काय होईल ते कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. त्या वाटेला जायचंच नाही.

उरले रोल आणि लूप. दोन्ही होतात. बर्टचा भाऊ डिक रुटान लोकांसमोर लाँग-ईझी उलटं करत असे, आणि काइल फाउलर एअर शोमध्ये लाँग-ईझीच्याच कसरती दाखवतो. व्हिडिओ तुम्ही त्याचेच पाहिले असतील. ते देखणं असतं याबद्दल वाद नाही. पण त्याच्या आणि तुमच्यामध्ये जे अंतर आहे ते हातांच्या सवयीचं आहे आणि एका साध्या हिशेबाचं. हिशेब मी मांडून दाखवतो, कारण तो मी स्वतः उशिरा मांडला.

लाँग-ईझीची लाल रेषा १९० नॉट. त्यापलीकडे जायचं नाही. समजा तुम्ही १६० नॉटने सरळ चाललाय आणि नाक खाली गेलं. सरळ उड्डाणात इंजिनाचा जोर आणि हवेचा विरोध बरोबरीत असतात, तेव्हा खाली येताना मिळणारी बहुतेक ऊर्जा वेगातच जमा होते. १६० नॉट म्हणजे सेकंदाला ८२ मीटर, १९० नॉट म्हणजे ९८. वर्गांमधला फरक काढा, गुरुत्वाच्या दुपटीने भागा: १४० मीटर. म्हणजे ४६० फूट. वाढत्या विरोधाची सूट दिली तरी पाचशे-सहाशे फूट. एवढी उंची घालवली की तुम्ही लाल रेषेवर. ४५ अंशांच्या उतारावर याला किती वेळ लागतो? तीनेक सेकंद. सेसना १७२ ला पुढे खांब, टेकू, उघडी चाकं, सगळा बाजार बाहेर लटकलेला. ती नाक खाली घातल्यावरही रेंगाळते. लाँग-ईझी रेंगाळत नाही. ज्या गुळगुळीतपणासाठी आपण हे विमान घेतो तोच इथे उलटतो.

आणि ब्रेक नाही. पोटाखालचा लँडिंग ब्रेक आहे, पण त्याची वेगमर्यादा १०० नॉटच्याही खाली. डाइव्हमध्ये तो उघडायचा विचारही करू नका. दोन्ही पेडल एकदम दाबली की दोन्ही रडर बाहेरच्या बाजूला उघडतात, त्याने थोडा विरोध मिळतो. थोडाच. शेवटी उरतो तो थ्रॉटल मागे घेणं आणि जपून ओढणं.

माझा स्वतःचा प्रसंग. विमान बांधून, उडवून तीनेक वर्षं झालेली. ७,००० फुटांवर, खाली सगळं वाळवंट, मी एकटा. पुस्तकात वाचलं होतं की आधी नाक वीस-पंचवीस अंश वर घ्या, तिथे दाब सोडा, मग रोल करा. मी दहा अंशांवरच घाई केली. लाँग-ईझीची स्टिक उजव्या हाताच्या बाजूला असते, कोपर टेकलेलं, मनगटातल्या मनगटात विमान चालतं. मी स्टिक डावीकडे लोटली. एलेरॉनची गती आपल्याकडे काही पिट्स या कसरतींच्या विमानासारखी नाही. माझ्या विमानाला पूर्ण फेरीला पाच-सहा सेकंद लागत. उलटा झालो तेव्हा नाक क्षितिजाखाली गेलेलंच होतं, काचेतून वरच्या बाजूला जमीन दिसत होती, आणि माझ्या मनगटाने, मला न विचारता, स्टिक ओढली. उलट्या विमानात ओढणं म्हणजे जमिनीकडे ओढणं. एवढंच झालं. एलेरॉन मी सोडला नव्हता म्हणून विमान फिरत राहिलं आणि सरळ झालं, पण नाक पस्तीसेक अंश खाली आणि काटा १४० वरून १८० च्या पुढे निघालेला. थ्रॉटल मागे, हळू ओढ. सरळ झालो तेव्हा ८०० फूट गेले होते आणि काटा १८३ वर. आवाज वेगळाच होता. कॅनोपीच्या, म्हणजे डोक्यावरच्या काचेच्या झाकणाच्या, कडेतून शिट्टी वाजत होती. सगळा खेळ दहा सेकंदांचा असेल. परत येताना मी एकही वळण तीस अंशांपलीकडे घेतलं नाही.

त्या दिवसानंतर मी जे केलं तेच तुम्हाला सुचवतो. दुसऱ्या विमानात शिका. सुपर डेकॅथलॉन नाही तर पिट्स, सोबत प्रशिक्षक, दहा तास. पैसे जातील. पण उलट्या अवस्थेत हाताने न ओढता स्टिक किंचित पुढे धरायची ही सवय वाचून येत नाही. आणि नाक खाली गेलं तर आधी थ्रॉटल, मग पंख सरळ, मग ओढ, हा क्रम बोटांत बसावा लागतो. त्यानंतर तुमच्या विमानात मोठा, आळसावलेला बॅरल रोल, म्हणजे पिंपाच्या आतून फिरल्यासारखी गिरकी, सतत एक-दीड जी (आपल्या वजनाच्या एक-दीड पट दाब) पोटात जाणवेल अशी, ५,००० फुटांच्या खूप वर: याला मी नाही म्हणणार नाही. अर्थात तोल ठीक असेल तर.

लूपला मात्र मी तुमच्यासाठी नाहीच म्हणेन. माथ्यावर काय होतं ते पाहा. १५५ नॉटने सुरुवात केलीत आणि माथ्यावर साठ नॉट उरवायचे ठरवले, तर विमान सुमारे ९०० फूट चढतं. साठ नॉट म्हणजे जवळपास कॅनार्डच्या स्टॉलचाच वेग. माथ्यावर ओढ जरा जास्त झाली की कॅनार्ड डुलकी घेतो. सरळ विमानात डुलकी म्हणजे नाक खाली; उलट्या विमानात तीच डुलकी नाकाला आकाशाकडे नेते. तुम्हाला वर्तुळ पुरं करायचंय आणि विमान उलटंच राहून पुढे तरंगायला लागतं, वेग आणखी घटतो. घाबरून ओढत राहिलात की ते तसंच हिसके देत राहतं. मग कधीतरी नाक पडतं, सरळ खाली, आणि ९०० फुटांचा उतार तुमच्यापुढे असतो. वरचा हिशेब आठवा: पाचशे-सहाशे फुटांत तीस नॉट वाढले होते. इथे सुरुवात कमी वेगाने आहे म्हणून वाचायला जागा आहे, पण उतारावर कुणी घाबरून ओढायला उशीर केला तर ती जागा संपते, आणि कुणी घाबरून जोरात ओढलं तर भार वाढतो. घरी बांधलेल्या विमानाच्या स्पारमध्ये, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईत, किती पट्ट्या नीट बसल्यात हे तो बांधणाऱ्यालाच माहीत. तुम्ही तो नाही.

आणि विमान उलटं झाल्यावर काय काय जागचं हलतं? इंधन पंखांच्या मुळाशी रुंद, उथळ टाक्यांत. शून्य जीला ते छताला जातं, नळीच्या तोंडाशी हवा. कार्बोरेटरचा फ्लोट गोंधळतो, तेलाचा दाब पडतो. बॅरल रोलमध्ये पोटात सतत दाब ठेवला तर यातलं काही होत नाही, म्हणूनच तो एकच प्रकार मी परवानगीच्या यादीत ठेवला. शिवाय प्रोपेलर मागे आहे हे विसरू नका. साध्या विमानातून पेन उडालं तर पेन गेलं. आपल्याकडून जे काही सुटतं, इंधनाचं झाकण असो, नकाशा असो, ते सरळ प्रोपेलरमध्ये. झाकणांना साखळी असते ती उगाच नाही. कॅनोपीची दुसरी कडी आणि तिचा इशारा देणारा बझर चालतो का, हे कसरतींचा विचार नसला तरी आजच बघा. हवेत कॅनोपी उघडल्याने या कुटुंबातली विमानं गेलेली आहेत.

कायद्याचा भाग थोडक्यात, कारण तुम्ही अमेरिकेत आहात. कसरती जमिनीपासून १,५०० फुटांच्या वर, वस्तीवर नाही, दृश्यमानता किमान तीन मैल, आणि हवाई मार्गाच्या मध्यरेषेपासून चार नॉटिकल मैल दूर. सोबत कुणी असेल तर दोघांनाही पॅराशूट. पण होमबिल्टसाठी याहून महत्त्वाचं कलम विमानासोबत मिळालेल्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये असतं, आणि सेकंड-हँड घेणारे ते वाचतच नाहीत: सुरुवातीच्या चाचणी उड्डाणांत जी कसरत प्रत्यक्ष करून लॉगबुकात नोंदवली असेल, तेवढीच कसरत पुढे करायला परवानगी. बांधणाऱ्याने त्यावेळी रोल नोंदवलाच नसेल, तर तुमच्यासाठी तो बेकायदा आहे, भले विमान तो करू शकत असो. तुमच्या कागदांतली भाषा नेमकी काय आहे ते पाहा. वर्षागणिक ती थोडी बदलत गेलीय.

जुनं होमबिल्ट घेताना बांधणाऱ्याच्या डोक्यातली विमानरचना आपण विकत घेत असतो, हे गायक जॉन डेन्व्हरच्या अपघाताने सगळ्यांना कळलं. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर, नुकतंच घेतलेलं लाँग-ईझी. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलायचा व्हॉल्व्ह पायलटच्या समोर, पायांच्या मध्ये. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेलेला. तिथे हात पोहोचवायला वळताना विमानावरचा ताबा सुटला. कसरत नव्हती, वादळ नव्हतं. तुमच्या विमानात व्हॉल्व्ह कुठे आहे? पट्टे घट्ट आवळून, डोळे मिटून, उजवा हात स्टिकवरून न हलवता तो फिरवून दाखवा. नाही जमलं तर रोलचं नंतर पाहू.

वेग. वीस नॉट हवेत म्हणालात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. १६० वरून १८० जायचं तर १.१२५ चा घन, म्हणजे ४२ टक्के जास्त शक्ती. ११५ ची ४२ टक्क्यांनी १६३ झाली. मधल्या मालकाने नेमका तेवढाच खर्च केलाय. इथून पुढचे वीस नॉट इंजिनातून काढायचे म्हटलं तर पुन्हा चाळीसेक टक्के. ते विसरा. शिवाय तुमची लाल रेषा तिथेच १९० वर आहे. क्रूझ तिच्या इतकं जवळ नेऊन पोचायचं कुठे? उंचीवर तर फडफड म्हणजे फ्लटर खऱ्या वेगावर ठरतो, डायलवर दिसणाऱ्या वेगावर नाही.

विरोध कमी करणं हा मार्ग जास्त शहाण्यांचा. इंजिन थंड करायची हवा जिथून आत येते आणि जिथून बाहेर पडते तिथे या विमानांत सर्वांत जास्त वाया जातं. काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आतल्या फटी सिलिकॉनने बंद करा, बॅफल (हवा सिलिंडरांकडे वळवणारे पत्रे) गळतायत का बघा. एवढ्यानेही माझे तीन नॉट वाढले. चाकांची आवरणं चाकाला घट्ट बसतील अशी. पंख आणि कॅनार्ड धुऊन पुसून, किडे काढून. जुना जीयू प्रकारचा कॅनार्ड असेल तर हे फक्त वेगाचं नाही: पावसाच्या थेंबांनीही त्यावरचा गुळगुळीत प्रवाह मोडतो आणि विमान नाक खाली घालायला लागतं. ते दुरुस्त करायलाच जॉन रॉन्झचा नवा कॅनार्ड आला. तुमच्याकडे कुठला आहे ते लॉगबुकात सापडेल. आणि खरं सांगू का, या विमानाची मजा वेगापेक्षा लांब जाण्यात आहे. डिसेंबर १९७९ मध्ये डिक रुटानने मूळ लाँग-ईझी बंद मार्गावर सुमारे ४,८०० मैल, तेहतीस तासांहून जास्त, न उतरता चालवलं. सात वर्षांनी त्याच घराण्यातल्या व्हॉयेजरमधून तो आणि जीना येगर जगाला प्रदक्षिणा घालून आले, नऊ दिवसांत, इंधन न भरता. १४०-१४५ नॉटला मी ताशी सहा गॅलनच्या आत जाळतो. तेवढ्यात सेसनावाला जिल्ह्याबाहेर पडत नाही.

एक शेवटची गोष्ट, रंगाबद्दल. फोटोत तुमच्या विमानाचे एलेव्हेटर (नाक वर-खाली करणाऱ्या कॅनार्डवरच्या पट्ट्या) नव्याने रंगवलेले दिसतात, लाल पट्ट्यांसह. आमच्या हँगरमध्ये एकाने असेच बाहेर देऊन रंगवून आणले होते. १६५ नॉटला त्याच्या स्टिकमध्ये मुंग्या आल्यासारखी थरथर सुरू झाली. उतरल्यावर आम्ही एलेव्हेटर काढून बिजागरीच्या छिद्रांतून दोरा ओवून टांगला. समोरची शिशाची बाजू खाली झुकायला हवी. त्याचा मागचा काठच खाली लोंबत होता. रंगाचे जास्तीचे दोन थर, बस. वजन अगदी नगण्य, पण बिजागरीच्या मागे. घासून रंग काढायला एक शनिवार गेला. तुमचेही काढून टांगा, मूळ आराखड्यात दिलेल्या कोनात झुकतात का बघा. गडद पट्ट्यांचं दुसरं दुखणं म्हणजे ऊन: टेक्ससच्या उन्हात लाल भागाखालचं इपॉक्सी पांढऱ्या भागापेक्षा खूप तापतं, आणि म्हणूनच आराखडा पांढराच रंग मागतो.

तीन काट्यांचे आकडे, पुढच्या सीटची किमान मर्यादा आणि लॉगबुकातलं चाचणी-उड्डाणांचं पान, एवढं पाठवा. त्या पानावर नुसतं "रोल" लिहिलंय की सुरुवातीच्या वेगासकट, हेही बघून लिहा.